सूर्यास्तानंतरची बावीस मिनिटं

रात्रीच्या फोटोग्राफीचा वॉक संध्याकाळी साडेपाचला सुरू होणार म्हटलं की नवखे हमखास विचारतात, एवढ्या लवकर कशाला? डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासाताच्या पुढे. रात्रीचे म्हणून आपण ज्या फोटोंना दाद देतो, त्यांतले बरेचसे रात्रीचे नसतातच. ते सूर्य बुडाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात काढलेले असतात. तेव्हा आकाश अजून काळं झालेलं नसतं, गडद निळं असतं, आणि त्या निळाईचा उजेड रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडाशी थोडा वेळ अगदी तोलून असतो.

तो थोडा वेळ मुंबईत फारच थोडा. शहर १९ अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो आणि सहा अंश खाली जायला त्याला बावीस ते चोवीस मिनिटं पुरतात. लंडनला जूनमध्ये तो तिरका, रेंगाळत जातो. तिथल्या फोटोग्राफरला पाऊण तास मिळतो. परदेशी पुस्तकात वाचलेलं वेळापत्रक इथे लावलं तर ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

आकाश तेव्हा एवढं निळं का दिसतं, याचं कारण शाळेत शिकलेल्या कारणाहून वेगळं आहे. भर दुपारचं आकाश निळं दिसतं ते हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर मात्र त्याचे किरण वातावरणाच्या वरच्या थरांतून लांबचा तिरका प्रवास करून येतात, आणि तिथला ओझोन त्यांच्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. उरतो तो गर्द निळा. ज्या ओझोनचं नाव आपण अतिनील किरणांच्या संदर्भात ऐकतो, तोच संध्याकाळच्या फोटोला हा रंग पुरवतो.

म्हणून फोर्टातला वॉक घेणारा जाणता माणूस रस्ता आखताना आधी आकाशाचा विचार करतो. जिथे आकाशाविना फोटो उभाच राहणार नाही ती जागा पहिली, आणि जिथे आकाश नसलं तरी चालेल त्या जागा नंतर. बोरीबंदरला सुरुवात करून दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, तिथून विद्यापीठ आणि ओव्हल मैदान, मग चर्चगेटवरून मरिन ड्राइव्ह, ही वाट या हिशेबात चपखल बसते. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचं. हेरिटेज वॉकवाले हेच अंतर गोष्टी सांगत दीड तासात उरकतात. फोटोवॉकला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, कारण त्यातला बराचसा वेळ एका जागी उभं राहण्यात जातो.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेलं बोरीबंदरचं स्थानक १८७८ मध्ये बांधायला घेतलं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. दोन्हींच्या मधला चौक ही या शहरात फोटो शिकायची सगळ्यात चांगली शाळा आहे असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण वास्तुशैलीपेक्षा दिव्यांमध्ये आहे. स्थानकाच्या दर्शनी भागावर टाकलेला उजेड स्थिर असतो. आकाशाचा उजेड मिनिटामिनिटाला उतरत असतो. एक गोष्ट जागची हलत नाही आणि दुसरी खाली चालली आहे, असा प्रयोग प्रयोगशाळेतही इतका स्वच्छ मांडता येणार नाही.

इथे करायचा सराव साधा आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा. आयएसओ १००, अपर्चर एफ ८, शटर दोन सेकंद. चौकट ठरवायची: घुमट, त्यावरची हातात मशाल घेतलेली 'प्रगती'ची मूर्ती, आणि वर भरपूर आकाश. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ आले तर उत्तम. मग सूर्यास्तापासून दर दोन मिनिटांनी, एकही आकडा न बदलता, तोच फोटो काढायचा. मध्ये चहा प्यायला मोकळीक आहे, ट्रायपॉडला धक्का लावायला नाही. अर्ध्या तासाने ही माळ स्क्रीनवर ओळीने पाहिली की पहिल्या फोटोंत आकाश पांढरंफटक आणि इमारत त्यापुढे मलूल दिसते. शेवटच्यांत इमारत तशीच उजळ, पण भोवती काळा पुठ्ठा कापून लावल्यासारखा अंधार. मधल्या दोन-तीन फोटोंत घुमटाची कड आकाशापासून सुटी दिसते, दगडावरचं कोरीवकाम दिसतं आणि निळा निळाच राहतो. इमारतीचा उजेड सगळ्या फोटोंत तोच होता, हे तेव्हा डोळ्यांना पटतं. ज्याने ही माळ एकदा स्वतः काढली, त्याला एक्स्पोजरवरची प्रकरणं पुन्हा वाचावी लागत नाहीत.

आता ते तीन आकडे. अपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं, शटर म्हणजे ते किती वेळ उघडं, आणि आयएसओ म्हणजे जमलेला सिग्नल कॅमेरा किती पटींनी वाढवून दाखवणार. दिवसा तिघांची ओढाताण जाणवत नाही. रात्री एकाला सूट दिली की दुसऱ्याला किंमत मोजावी लागते. आयएसओ वाढवला की दाणे येतात, अपर्चर उघडलं की मागचंपुढचं धूसर होतं, शटर लांबवलं की हलणारं सगळं फराटतं. ट्रायपॉडमुळे या भांडणातला शटर मोकळा सुटतो, म्हणून त्याचं महत्त्व.

एक युक्ती मात्र तिथल्या तिथे सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे वेळ वाचतो. अंधाऱ्या कोपऱ्यात आयएसओ १०० वर मिनिटभराचा फोटो घ्यायचा आणि मग कळायचं की चौकट वाकडी आहे, हे परवडत नाही. आधी आयएसओ ६४०० करायचा आणि चाचणीचे फोटो काढायचे. ६४०० म्हणजे १०० च्या ६४ पट. एक मिनिटही साधारण तेवढ्याच सेकंदांचं. म्हणजे ६४०० वर जितके सेकंद लागले, तितकी मिनिटं १०० वर लागणार. पाटी-पेन्सिलीशिवाय होणारा हिशेब.

ट्रायपॉडवर चढवलेल्या कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद करावं, नाहीतर नसलेला हादरा शोधत ते स्वतःच चित्र हलवतं. बटण बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून खिशात टाकावा; दिव्यांची उलटी हिरवट भुतं बहुतेक वेळा त्या काचेतूनच येतात. आणि गाडीच्या एसीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नये. मुंबईच्या दमट हवेत थंड काचेवर क्षणात बाष्प धरतं, ते पुसावं तितकं पसरतं. बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर उभं राहणं हाच उपाय. साडेपाचला बोलावण्याचं हेही एक कारण.

ट्रायपॉड उघडला की दहा मिनिटांत कुणीतरी येतंच. "ओ साहेब, स्टँड नाही चालणार इथे. मोबाइलने काढा." त्याच चौकटीचा मोबाइलचा फोटो चालतो आणि तीन पायांवरचा चालत नाही, यातलं तर्कशास्त्र शोधण्यात अर्थ नाही, स्टँड म्हणजे शूटिंग आणि शूटिंग म्हणजे परवानगी, असं ते समीकरण आहे. वॉक घेणाऱ्याची अर्धी कमाई इथे असते. कोणत्या फुटपाथवर उभं राहिलं तर वाहतुकीला आणि सुरक्षेला अडचण होत नाही, कुठे आधी विचारायचं, कुठे हुज्जत न घालता पुढे सरकायचं, हे त्याला पाठ असतं. रेल्वेच्या आवारात व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. लायन गेटकडचा नौदलाचा परिसर तर कॅमेऱ्यासाठी नाहीच, तिकडे लेन्सही वळवू नये.

सणावारी स्थानकावर सोडतात ते रंगीबेरंगी दिवे मला आवडत नाहीत. जांभळ्या उजेडात दगड दगड राहत नाही, प्लास्टिक होतो. शिकणाऱ्याने अशा रात्री मुद्दाम जावं मात्र, कारण एकाच रंगाचा झगझगीत उजेड सेन्सरचा तो एक रंग आधी भरून टाकतो. कॅमेऱ्यातला उजेडाचा सरासरी आलेख (हिस्टोग्राम) सांगतो की सगळं ठीक, आणि निळ्याची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. तीन रंगांचे आलेख वेगळे पाहायची सवय अशा वेळी लागते.

दादाभाई नौरोजी रोडवर आकाश लागत नाही. इमारतींच्या तळाशी सलग कमानींचे छतवाले पदपथ आहेत, त्यांत दुकानांचा आणि फेरीवाल्यांच्या दिव्यांचा उजेड. ट्रायपॉड मिटवायचा, कॅमेरा हातात. आयएसओ १६०० ते ३२००, अपर्चर जेवढं उघडेल तेवढं. शटर किती? नवखे हलू नये म्हणून १/२५० लावतात आणि फोटोभर काळपट-पिवळे आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कळतं ते झरझर सरकणाऱ्या शटरला. १/१०० किंवा १/५० वर एक किंवा दोन पूर्ण ठोके शटरमध्ये मावतात आणि पट्टे जातात. अमेरिकेत ६० आवर्तनं असल्याने तिथलं पुस्तक १/६० आणि १/१२० सांगतं. इथे ते आकडे उपयोगाचे नाहीत.

माणसांचे फोटो काढायची हीच जागा. इथे माझा नियम जुना आहे: घड्याळं दुरुस्त करणाऱ्या, कुलूप लावणाऱ्या, फुटपाथवर अंथरूण पसरणाऱ्या माणसाकडे आधी बघायचं, मग कॅमेऱ्यात. घड्याळवाले काका "काढ की" म्हणतात आणि पुन्हा भिंगात डोळा घालतात, तो फोटो चोरून काढलेल्या फोटोपेक्षा नेहमीच बरा येतो. झोपलेल्याचा काढू नये. त्याला विचारता येत नाही.

बरोबर चालत शिकणं हा या कलेतला जुनाच रिवाज आहे. पॅरिसच्या रात्रींसाठी नावाजलेला ब्रासाई हा मूळचा हंगेरियन पत्रकार, खरं नाव ग्यूला हालास. त्याला आधी फोटोग्राफीत रस नव्हता. आंद्रे केर्तेस हा दुसरा हंगेरियन त्याला रात्री बरोबर घेऊन फिरला, आणि अंधारातही चित्र उमटतं हे त्याला तिथे उमगलं. १९३३ च्या तोंडावर 'पॅरिस द न्वी' प्रसिद्ध झालं तेव्हा ब्रासाई जगाला माहीत झाला. काचेच्या प्लेटवर काम करणारा हा माणूस घड्याळ न लावता सिगरेट पेटवायचा. उजेड बरा असेल तर गोलवाज, जास्त अंधार असेल तर जाड बोयार. सिगरेट संपली की शटर बंद. धुकं आणि पाऊस त्याला हवेहवेसे वाटत, कारण ओलसर हवा दिव्याची धार बोथट करून उजेड पसरवते. आपल्या जुलैतल्या मुंबईला हे तंतोतंत लागू आहे. पावसाची सर थांबल्यावरच्या दहा मिनिटांत फोर्टातला डांबरी रस्ता प्रत्येक दिव्याची दुसरी प्रत काढून ठेवतो. पावसाळ्यात वॉक रद्द करणारे आयोजक मला कळलेले नाहीत.

हुतात्मा चौकात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचं शिल्प. कारंजं चालू असेल तर अर्ध्या सेकंदाला पाणी रेशमी होतं. त्याहून लांबवलं की त्याचा कापूस होतो, मला तो नकोसा वाटतो. इथे सगळ्यांना खुणावतात त्या गाड्यांच्या उजेडाच्या रेषा. एफ ११, आठ सेकंद, आयएसओ १००, आणि नजर कॅमेऱ्यावर न ठेवता सिग्नलवर. येणाऱ्या गाड्यांची पांढरी रेष, जाणाऱ्यांची लाल. सिग्नल सुटल्याबरोबर शटर उघडलं तर पहिल्या टॅक्सीपासून शेवटच्या स्कूटरपर्यंत रेष अखंड मिळते. बेस्टची बस चौकटीतून गेली तर एक वेगळीच गंमत होते. तिच्या खिडक्यांचा उजेड रेष न होता रुंद पांढुरका पट्टा होतो, आणि वरच्या डिजिटल पाटीच्या जागी नारिंगी तुटक टिंबांची ओळ उमटते. ती टिंबं म्हणजे एलईडीची उघडझाप. मघाशी १/२५० वर पट्टे पाडणारी गोष्ट इथे आठ सेकंदांत आडवी पसरलेली दिसते. जुन्या बल्बच्या टेललाइटची रेष अशी तुटत नाही, त्यामुळे नुसत्या फोटोवरूनही कोणत्या गाडीला कसला दिवा होता हे बऱ्याचदा सांगता येतं. अशा रेषांचे फोटो पुष्कळ झाले आहेत, हे कबूल. एकदा काढावेत, समजून घ्यावेत आणि पुढे जावं.

रस्त्याच्या दिव्यांभोवती तारे दिसतात त्याचं गणितही याच चौकात दाखवता येतं. अपर्चर एफ ११-१६ पर्यंत मिटलं की त्याच्या पात्यांच्या कडांवरून प्रकाश वळतो आणि किरण निघतात. पाती सम संख्येत असतील तर किरण तेवढेच, विषम असतील तर दुप्पट. आठ पात्यांच्या लेन्सला आठ किरण, सात पात्यांच्या लेन्सला चौदा. गटातले सगळे आपापले तारे मोजून लेन्स ओळखू लागतात, तेव्हा वॉकला रंग चढतो.

पुढे विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर, साधारण ८५ मीटर उंच. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा, प्रेमचंद रायचंदांचा पैसा आणि त्यांच्या आईचं नाव. १८७८ मध्ये पुरा झाला. अंगाला कुर्ल्याचा फिकट पिवळा दगड आहे, त्यामुळे पिवळसर उजेडात तो जिवंत वाटतो आणि थंड पांढऱ्या उजेडात आजारी. खालून कॅमेरा वर उचलला की टॉवर मागे कलंडतो. म्हणून रस्ता ओलांडून ओव्हलच्या कडेला जायचं, कॅमेरा सपाट धरायचा आणि खालचा नको तो भाग नंतर कापून टाकायचा. पाठ फिरवली की मैदानापलीकडे आर्ट डेको इमारतींची रांग. टॉवरच्या बाजूची गॉथिक रांग आणि ही डेको रांग, दोघींना मिळूनच २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गॉथिक रांगेला बाहेरून उजेड लागतो, डेको रांग आपल्याच घरातल्या खिडक्यांनी उजळते. तिथे लोक राहतात, दिवे लावतात, मालवतात. त्यामुळे तोच फोटो आठला आणि दहाला वेगळा येतो.

मोबाइलवाल्यांची इथपर्यंत उपेक्षा झाली, ती योग्य नव्हे. २०१८ मध्ये गूगलच्या आणि २०१९ मध्ये ॲपलच्या फोनमध्ये नाइट मोड आला. तो एक लांब फोटो घेत नाही. अनेक छोटे फोटो घेऊन, हाताचा कंप हिशेबात धरून, एकावर एक बसवतो. सोळा फोटोंची सरासरी काढली की दाणे चौपट कमी होतात. स्थिर इमारतीला हे झकास जमतं, पण चालणाऱ्या माणसाचा हात गायब होतो किंवा दोन होतात. शिवाय फोन रात्रीला फार उजळ करतो. स्क्रीनवर बोट धरून उजेड खाली ओढावा, निम्मं काम होतं.

मरिन ड्राइव्हला शेवटी यायचं, कारण इथे काळं आकाशही चालतं. किनाऱ्याच्या कमानीवर ओवलेले दिवे आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब पुरेसं असतं. वीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवलं की लाटा सपाट होतात आणि प्रतिबिंबाचे उभे खांब दिसू लागतात. कठड्यावर बसलेली जोडपी तेवढा वेळ हलत नाहीत असं समजू नका.

हे दिवे कोणते, यावरून २०१५ मध्ये शहरात चांगलीच जुंपली होती. सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर 'राणीचा हार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दिव्यांच्या कमानीची रया गेली म्हणून ओरड झाली. गोष्ट उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि पुढे पिवळसर एलईडी आले. १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले तेव्हापासून मुंबईने बरेच दिवे बदलले, पण दिव्याच्या रंगावरून इतकी चर्चा क्वचितच झाली असेल. फोटोग्राफरला हा फरक फार खोलवर भिडतो. सोडियमचा उजेड पिवळ्या रंगाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात एकवटलेला असतो. त्याखाली निळी साडी करडी दिसते आणि हिरवं झाड तपकिरी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, कितीही फिरवला तरी जो रंग दिव्याने टाकलाच नाही तो परत आणता येत नाही. पिवळसर एलईडी मात्र वरवर तसाच दिसला तरी त्यात बाकीचे रंग असतात, आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, असेल तर घरी बसून रात्र हवी तितकी पिवळी किंवा निळी करता येते. व्हाइट बॅलन्स फिरवताना मी ३५०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान थांबतो. आकाशात निळा उरतो आणि दिवे पिवळेच दिसतात. २०१५ च्या आधीचे कुणाकडे मरिन ड्राइव्हचे फोटो असतील तर ते शेजारी ठेवून पाहावेत. त्यांत माणसं, मोटारी, कठडा सगळंच एका रंगात बुडालेलं दिसेल, आणि तो दोष कॅमेऱ्याचा नव्हता.

घरी पोचल्यावर कार्ड उतरवण्याआधी ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावेत, सांधे उघडून वाळू द्यावेत. मरिन ड्राइव्हची खारी हवा स्क्रूंच्या आट्यांत बसते आणि पुढच्या वॉकला पाय उघडत नाही. लेन्सच्या पुढच्या काचेवरही मिठाचा धुरकट थर असतो. आधी फुंकणीने सुटे कण उडवायचे, मगच कापड लावायचं.